गावात घर कुठंशी आलं?

काकूंनी माझं मशीन पुसलं.

अंगठ्याचं मशीन. भाडेकरार करताना मालकाचा आणि भाडेकरूचा अंगठा घ्यायचं. मुठीएवढं असतं, वर काचेची लहानशी खिडकी. माझ्याच बॅगेतलं. त्यावर मी आजवर किती अंगठे घेतले असतील, मोजदाद नाही. कुणी ते पुसल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी एका मुलीनं नुकताच त्यावर अंगठा ठेवला होता. काकू सोफ्यावरून उठल्या. टीव्हीवरची धूळ पुसायचं फडकं घेतलं, बेसिनच्या नळाखाली ओलं केलं, पिळलं, आणि काच पुसली. दोनदा पुसली. मग म्हणाल्या, "हं, आता घ्या यांचा."

यांचा म्हणजे काकांचा. काका घरमालक. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा घालणारे. नगर शहरात, सावेडीत पाइपलाइन रस्त्याच्या आतल्या गल्लीत त्यांचे एकाच बिल्डिंगमध्ये तीन फ्लॅट. एकात ते राहतात, दोन भाड्यानं देतात. त्या दोन्हींच्या किल्ल्या अकरा वर्षं माझ्याकडे होत्या. मी ब्रोकर. आमच्याकडे एजंट म्हणतात. घर दाखवतो, दोन्हीकडची बोलणी करतो, करार करून देतो.

समोर ती मुलगी बसली होती आणि शेजारी तिचे वडील, आबा. शेवगाव तालुक्यातल्या एका गावची माणसं. मुलगी नर्सिंग शिकलेली. सावेडीतल्या एका खाजगी दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. दवाखान्याची एकच अट होती, राहायला जवळ पाहिजे, बोलावलं की दहा मिनिटांत हजर. एक तारखेपर्यंत पत्ता कळवायचा, नाहीतर पुढचं नाव घेणार. एक तारीख चार दिवसांवर आली होती. काकांचा फ्लॅट दवाखान्यापासून चालत पाच मिनिटांवर. मुलीला तो बघताक्षणी आवडला. तिनं स्वयंपाकघराची खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला, आणि हसली.

सगळं जुळलं होतं. काकूंनी आल्यावर पाणी विचारलं, चहा टाकला. आल्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. मुलीला परतीची गाडी गाठायची होती म्हणून तिचा अंगठा मी आधी घेतला. मशीनवर हिरवा दिवा लागला. मी काकांकडे वळणार तेवढ्यात काकूंनी आबांना सहज विचारलं, अगदी पाहुण्याला विचारावं तसं.

"तुमचं गावात घर कुठंशी आलं? मारुतीच्या देवळाजवळ का?"

आबा साधा माणूस. गवंडीकामात हात झिजलेले. त्यांना वाटलं, घराची चौकशी चाललीय. ते सरसावून बसले.

"न्हाई जी. गावाच्या भाईर, वढ्याच्या पल्याड. पन घर पक्कं हाय, सलॅपचं. माज्या हातानं बांदलंय."

तेवढंच बोलले. चेहऱ्यावर अभिमान होता. स्वतःच्या हातानं स्लॅब टाकलेल्या माणसाला तो असायलाच हवा.

ओढ्याच्या पलीकडे कोण राहतं हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. आडनाव फसवू शकतं, कपडे फसवू शकतात, आधार कार्डावर नुसतं गावाचं नाव असतं. घर गावाच्या कुठल्या अंगाला, एवढं विचारलं की झालं. काकू उठल्या आणि त्यांनी फडकं ओलं केलं.

काकांनी अंगठा ठेवला. काच ओली होती. लाल दिवा. परत ठेवला. परत लाल. मी रुमाल काढून काच कोरडी करायला लागलो तर ते म्हणाले, "राहू द्या. आज योग दिसत नाही." आणि मला खुणेनं गॅलरीत बोलावलं.

गॅलरीचं दार त्यांनी लोटलं, लावलं नाही. आवाज चढवला नाही. काका कधीच आवाज चढवत नाहीत. एखाद्याला हिशोबातली चूक दाखवावी तसं म्हणाले, "अहो, हे तुम्ही आधी विचारून आणायला हवं होतं. आम्हाला का तोंडावर पाडता? जाहिरात तर आम्ही मोबाईलवर फुकट टाकू शकतो. तेवढंसुद्धा तुम्ही बघणार नसाल तर तुमचा उपयोग काय?"

आतली दोघं ऐकत होती. लोटलेल्या दारातून मला आबांचे गुडघे दिसत होते आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. हात हलत नव्हते.

मी म्हणालो, "चुकलं काका."

हे माझं उत्तर होतं. चुकलं काका. दुसरं काही सुचलं नाही असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. सुचलं होतं. जिभेवर होतं. पण अकरा वर्षं ती जीभ मी वळवली होती आणि ती सवयीनं वळली.

चहा बाहेर आलाच नाही. आत गॅस बंद केल्याचा आवाज मात्र आला.

आता माझं सांगतो. माझं घर कर्जत तालुक्यातल्या एका गावात. तेही ओढ्याच्या पलीकडे. आमच्या गावाला ओढा उत्तरेला आहे, आबांच्या गावाला कदाचित दुसऱ्या दिशेला असेल, एवढाच काय तो फरक. आमचं आडनाव एका गावाच्या नावावरून पडलेलं. ते आडनाव सगळ्या जातींत सापडतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला आमचा थांग लागत नाही. या आडनावावर मी सावेडीत अकरा वर्षं काढली. कुणी विचारलंच तर गावाचं नाव सांगायचो, पाऊस नाही म्हणायचो, ज्वारीचं विचारलं तर ज्वारीचं बोलायचो. आमच्याकडे ज्वारी पिकवायला जमीन नव्हती. पण दुसऱ्याच्या रानातली ज्वारी काढून काढून तिच्याबद्दल बोलण्याइतकं ज्ञान होतं.

माझा आजा शीव चालायचा. नव्या पोरांना हे सांगावं लागतं. दोन गावांमध्ये हद्दीचा तंटा झाला की आमच्या माणसाला पुढं घालायचे. गावची शीव कुठून निघते, कुठल्या बाभळीला वळसा घालते, कुठल्या दगडापाशी मोडते, हे आमच्या घरात बापाकडून पोराकडे येत असे. आजा अनवाणी चालायचा, मागून दोन्ही गावं चालायची. तो चालेल ती शीव. त्याचा शब्द सरकारदरबारी चाले. आणि एवढ्या जमिनीची खडान्‌खडा माहिती असलेल्या त्या माणसाला स्वतःची म्हणायला वीतभर जमीन नव्हती. हे मला लहानपणी मोठं भूषण वाटायचं. आजा गावाला लागतो, आज्यावाचून गावाचं अडतं, असं मी शाळेत सांगायचो. त्यात अपमान कुठं आहे, हे मला दिसत नव्हतं.

नगरला आलो तेव्हा मी एका एजंटाकडे कामाला लागलो. पुढं स्वतःचं सुरू केलं. आमचा धंदा लोकांना फुकटखाऊ वाटतो. दार उघडून दाखवण्याचे काय पैसे घेता, असं तोंडावर म्हणतात. मला राग यायचा, कारण मी काम करतो. कुठल्या बिल्डिंगला नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि टाकी किती वेळात संपते, हे मला माहीत असतं. कुठल्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि मालक तिच्यासमोर कपाट सरकवून ठेवतो, हे मला माहीत असतं. लिफ्ट चालू आहे म्हणतात ती महिन्यातून किती दिवस चालू असते. शेजारचा रात्रंदिवस भांडतो का. करारातलं कुठलं वाक्य भाडेकरूच्या गळ्याशी येईल. मोबाईलवर घराचा फोटो दिसतो, हे काहीच दिसत नाही. चांगला एजंट असेल तर परक्या शहरात आलेल्या माणसाची फसगत टळते. हे मी लोकांना छाती पुढं काढून सांगायचो, आणि ते खरंही आहे.

पण मालक मला ठेवतात ते यासाठी नाही. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मालक घर दाखवताना सांगतात, दोन बेडरूम, पार्किंग, वरची टाकी वेगळी. निघताना चप्पल घालता घालता हळूच सांगतात, फॅमिली चांगली बघा हं. किंवा म्हणतात, आपल्याला तसा काही प्रॉब्लेम नाही, पण सोसायटीत लोक असतात. मोबाईलला ते असं सांगू शकत नाहीत. मोबाईलवर लिहिलं तर कुणीतरी फोटो काढून ठेवील. मग माझ्यासारखा माणूस लागतो. गरम पातेलं उचलायला सांडशी लागते, तसा मी. त्यांना नको असलेला माणूस मी उचलून बाजूला ठेवायचो आणि त्यांचा हात पोळायचा नाही.

मी ते काम चोख करायचो. आडनाव विचारायचो, त्यावरून कळलं नाही तर गाव विचारायचो, तरी कळलं नाही तर गावात घर कुठं ते विचारायचो. काकूंनी विचारला तोच प्रश्न. तो मी शेकडो वेळा विचारलाय. आणि उत्तर आलं की सांगायचो, फ्लॅट कालच गेला. मालकाचा मुलगा पुण्याहून येतोय. रंगकाम निघालंय. समोरच्या माणसाला कळायचं. मलाही कळायचं की त्याला कळलंय. तो बरं म्हणायचा आणि जायचा. काही जण तर मला धन्यवाद म्हणायचे. माझ्याच माणसांना मी माघारी पाठवत होतो आणि ते मला धन्यवाद म्हणत होते. घरी गेल्यावर मला जेवण जायचं नाही असं काही नाही. जायचं. हे मला सांगायला लाज वाटते, पण जेवण जायचं.

आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याच वस्तीत, दोन खोल्यांत पाच माणसं. बायको एकदा भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेल्या किल्ल्यांकडे बघून म्हणाली होती, एवढ्या घरांच्या किल्ल्या आहेत, त्यातलं एखादं आपल्याला का नाही मिळत? मी तिच्यावर खेकसलो. तिला वाटलं असेल, भाडं परवडत नाही म्हणून. भाडं परवडलं असतं. मी कुणालाही विचारायला घाबरत होतो.

कधीमधी मात्र मी एखाद्याला सोडायचो. माणूस आवडला, नड मोठी असली, आणि आडनाव झाकलेलं असलं तर मी विचारलंच नाही असं दाखवायचो. ही मुलगी त्यातली. तिच्या बोलण्यावरून, आबांच्या उभं राहण्याच्या पद्धतीवरून मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मी तिला स्कूटरवरून फ्लॅट दाखवायला नेताना बजावलं होतं, गावाबद्दल विचारलं तर वाडीवस्तीचं काही बोलायचं नाही, दवाखान्याचं बोलायचं, विषय तिकडं न्यायचा. तिनं मान फिरवून रस्त्याकडे बघितलं होतं. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. करार करायच्या दिवशी आबा गावाहून परस्पर आले. त्यांना बजावायचं माझ्याकडून राहून गेलं. जो माणूस आपल्या हातानं घर बांधतो त्याला घर लपवायला सांगावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तर आम्ही तिघं काकांच्या घरातून निघालो. जिन्यात आबा पुढं होते. मुलगी माझ्या बरोबरीनं उतरत होती. पहिल्या मजल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "दादा, तुमचंबी घर वढ्याच्या पल्याडच ना?"

मी विचारलं, कशावरून?

"काकूंनी पाणी विचारलं तवा तुमी आणि आबा एकदमच नको म्हणालात. आबा कुठंबी गेले की तसंच म्हणत्यात. मी पिले."

मी अकरा वर्षं त्या घरात जातोय. उन्हातान्हात, एप्रिल-मेमध्ये, घसा कोरडा पडलेला असताना. मी तिथं एकदाही पाणी प्यालो नव्हतो. काकू विचारायच्या, मी आत्ताच पिऊन आलो म्हणायचो. मला वाटायचं ही माझी सवय आहे. कुणाला त्रास नको असा स्वभाव आहे. त्या मुलीनं अर्ध्या तासात ओळखलं की ही सवय माझी नाही. आज्याची आहे. शीव चालून आल्यावर आजाही असाच लांब उभा राहत असणार आणि कुणी विचारायच्या आत नको म्हणत असणार. मी आडनाव झाकलं, बोलणं बदललं, पायात बूट घातले, आणि आज्याची तहान तशीच घेऊन सावेडीत फिरत राहिलो.

त्या जिन्यात मला रडू आलं नाही. अंगाची लाही झाली. तिच्यावर नाही, काकांवरही नाही. स्वतःवर.

त्या दुपारी मी त्यांना आणखी पाच ठिकाणी नेलं. रिक्षा केली. पहिल्या घराच्या मालकिणीनं दार उघडलं आणि मुलीकडे न बघता मला सांगितलं की घर गेलं. ते घर महिनाभर रिकामं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. दुसऱ्यानं फोन उचलला नाही. तिसरे म्हणाले, मुलगा पुण्याहून येतोय. माझंच वाक्य, जसंच्या तसं. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत काकांचा फोन तिथं पोचला होता, कारण मालक मला म्हणाले, तुम्हीपण आजकाल बघून माणसं आणत नाही. पाचव्या ठिकाणी आबा रिक्षातून उतरलेच नाहीत. म्हणाले, तुमी बगून या. मी बघून आलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सरकून मला रिक्षात जागा करून दिली.

मी म्हणालो, आमच्या वस्तीत चला, माझी बायको जागा करील, काही दिवस तिथं काढा. मुलगी म्हणाली, तिथून दवाखाना लांब आहे, बोलावल्यावर पोचणार नाही. आणि मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "मला भाड्यानं घर पायजे होतं, दादा. उपकार नको."

स्टँडवर शेवगावची गाडी लागली होती. मुलगी आत जाऊन बसली. आबा दारात थांबले, माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं. ते म्हणाले, "आमच्यामुळं तुमाला बोलनी खावी लागली. माफी करा."

गाडी गेली. मी बाकड्यावर बसून राहिलो. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी हिणवलं. शाळेत, रानात, कचेऱ्यांत. पण या माणसानं माझी माफी मागितली तेव्हा मला जेवढं खुजं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं. कारण तो मला त्यांच्यातला समजत होता. त्या सोफ्यावरचा. आणि मी तसंच वागलो होतो.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. नेहमीच्या मऊ आवाजात. झालं गेलं विसरून जा, एक चांगली फॅमिली बघा, आणि यापुढं आधी नीट विचारून घेत जा. मी येतो म्हणालो.

सकाळी साडेदहाला गेलो. नेहमीच्या जागी बसलो. काकूंनी विचारलं, पाणी आणू? माझा हात सवयीनं वर झाला, नको म्हणायला. तो मी खाली घेतला.

म्हणालो, "हो काकू. पाणी द्या."

त्यांना आनंद झाला. खरंच झाला. म्हणाल्या, आज पहिल्यांदाच मागितलंत. स्टीलचा ग्लास भरून आणला, घरातलाच, त्यांच्या रोजच्या वापरातला. मी तो तोंडाला लावून सगळा प्यालो. थंड होतं. टीपॉयवर ग्लास ठेवला. खिशातून दोन्ही फ्लॅटच्या किल्ल्या काढून ग्लासाशेजारी ठेवल्या.

मग म्हणालो, "काकू, त्या दिवशी तुम्ही आबांना विचारलंत, मला कधी विचारलं नाही. माझं घर कर्जत तालुक्यात. गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. अकरा वर्षं मी या सोफ्यावर बसतोय."

काकूंचा हात ग्लास उचलायला पुढं आला होता. तो तिथंच थांबला. ग्लास ना उचलला, ना सोडला. काका चष्मा काढून पुसायला लागले. पुसता पुसता म्हणाले, "पण तुम्ही त्यातले वाटत नाही हो." आणि ते हे माझं कौतुक म्हणून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खोटेपणा नव्हता. मला धीर देत होते.

मी म्हणालो, "वाटू नये म्हणून अकरा वर्षं राबलो, काका. तुमच्यासाठी माणसं गाळली. माझीच. आता ते होणार नाही."

काका म्हणाले, आम्ही तुम्हाला कधी वेगळं वागवलं का? मी म्हणालो, तुम्हाला माहीतच नव्हतं. मी उठलो. कुणी बसा म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. त्या ग्लासाचं त्यांनी पुढं काय केलं, मला माहीत नाही. मी मागं वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तेच बघत बसलो असतो.

यातून काही चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल तर नाही झालं. काकांचा फ्लॅट पंधरा दिवसांत दुसऱ्या एजंटानं दिला. चांगल्या फॅमिलीला. तो एजंट चोख काम करतो, मी करायचो तसंच. माझ्याकडच्या किल्ल्या एकेक करून परत मागवल्या गेल्या. कुणी कारण दिलं नाही. एकानं वॉचमनला पाठवलं, एकीनं म्हटलं सध्या घर द्यायचा विचार नाही. खिळा मोकळा होत गेला. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आता खायचं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे आजही पुरतं नाही.

मुलीनं एक तारखेला पत्ता कळवायचा म्हणून वर्गातल्या एका मैत्रिणीचा कळवला आणि गावाहून एसटीनं यायला लागली. जायला दोन तास, यायला दोन तास. महिना कसाबसा झाला. दोनदा गाडी बंद पडली, एकदा रात्री बोलावणं आलं आणि ती पोचू शकली नाही. मग पत्ता खोटा असल्याचं उघड झालं आणि तिला थांबवलं. आता ती शेवगावात एका डॉक्टरकडे इंजेक्शनं देते. मी फोन केला तेव्हा आबांनी उचलला. ती घरात नव्हती, का होती आणि बोलायचं नव्हतं, कळलं नाही. आबा म्हणाले, चाललंय बरं. माझ्या पोरांची चौकशी केली. ओढ्याला या वर्षी पाणी आलंय म्हणाले.

ती हसत नळ सोडून बघत होती, ते मला आठवतं. ते घर तिला मिळायला हवं होतं. ते तिला माझ्यामुळेही मिळालं नाही. मी चुकलं काका म्हणालो तेव्हाच ते गेलं. हे मी विसरणार नाही आणि मला कुणी विसर म्हणू नये.

आज माझ्याकडे चार किल्ल्या आहेत. एजंटकीच करतो. दुसरं काम मला येत नाही, आणि हे काम वाईट आहे असं मी मानत नाही. ओल कुठं आहे ते मी आजही दाखवतो, कपाट सरकवून दाखवतो. फक्त पद्धत बदलली आहे. नवा मालक भेटला की त्याच्या घरात मी आधी पाणी मागतो. मग माझं घर कुठं आहे ते सांगतो. मग सांगतो की भाडेकरूचं नाव, काम, जुन्या मालकाचा फोन, पोलिसांचा कागद, सगळं आणीन. गावात घर कुठं, ते मी विचारणार नाही. बहुतेक जण तिथंच उठतात. काही जण नंतर फोन करतो म्हणतात. फोन येत नाही.

अशांचा येऊच नये. उपयोग काय म्हणून मला विचारलं होतं, त्याचं उत्तर मी गॅलरीत द्यायला हवं होतं, ते आता प्रत्येक दारात देतो. घर दाखवणं हा माझा धंदा आहे. कुणाला माणूस जातीवरून नको असेल तर त्यानं त्याला समोर बसवावं, डोळ्यांत बघावं, आणि आपल्या तोंडानं नाही म्हणावं. मी मध्ये उभा राहणार नाही. पातेलं ज्याचं त्यानं उचलावं, आणि हात पोळतो तो पोळू द्यावा.